गावरोच्या झाडाची वाळकी फांदी

ब्रेझोवो,
११ मार्च १९७९

चि. याग्लिका हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. बर्फ अजून उंबऱ्याशी आहे, पण तुझ्या आईनं काल मेंढ्या बाहेर काढल्याच. मी नको म्हणालो म्हणूनच काढल्या असाव्यात.

आजच्या पत्राला कारण मोठं आहे, तेव्हा खुर्चीत नीट बसून वाच. येत्या इलिनदानला, म्हणजे संत इलियाच्या दिवशी, दोन ऑगस्टला, आपल्या समस्त गावरोविच कुळाचा मेळावा ब्रेझोवोत भरणार आहे. सभागृहाच्या भिंतीवर कुळाचं झाड रंगवायचं ठरलंय. बुंध्यावर मूळपुरुष गावरो, वर त्याच्या तीन मुलांच्या तीन फांद्या, आणि मग प्रत्येक पुरुषाचं एक पान. हे काम कुणाकडे आलं असेल? ज्यानं या गावातल्या पोरांना एकतीस वर्षं अक्षरं गिरवायला लावली, त्या निवृत्त मास्तराकडे. तुझ्या बापाकडे! समितीचा अध्यक्ष आपला मिलादिन आहे. माझा चुलतभाऊ म्हणून सांगत नाही, पण त्याला स्वतःचं नाव सोडून दुसरं काही सरळ लिहिता येत नाही.

आता तुझं काम. तू तिथं सारायेव्होत बसून तुर्कांच्या जुन्या दप्तरांतली नावं वाचतेस, तर आमचा गावरो तेवढा शोधून दे. तो तलवार दातांत धरून तारा नदी पोहून आला, तुर्की आगाला मारून आला, हे एकतारी गुसलेवर पोवाडे गाणारा प्रत्येक जण सांगतो. पण साल कुणीच सांगत नाही. मला बुंध्याखाली साल लिहायचंय.

आणि हो, मागच्या पत्रात तू लिहिलंस, की जगात पुरुषांचं राज्य कधी आणि कसं सुरू झालं यावर तू निबंध लिहिते आहेस. एवढी पुस्तकं कशाला चाळतेस? मला विचार. पहिल्या पुरुषाला घरातली एकही वस्तू सापडेना, तेव्हा त्यानं बायकोला ओरडून हाक मारली आणि ती धावत आली. त्या दिवशी सुरू झालं.

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

तुझा बाप,
ब्लागोता

ता. क. आईचं : ती धावत आली हे खोटं आहे. लोकरीचे मोजे पाठवलेत, घालत जा. शहरातल्या लोकांकडे बघून उघड्या पायांनी हिंडू नकोस. – पेत्रुशा


सारायेव्हो,
२ एप्रिल १९७९

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मोजे मिळाले, घातले, आणि कार्यालयात सगळ्यांनी वळून वळून पाहिले. आईला सांगा, पाय ऊबदार आहेत आणि अब्रू गेली आहे.

गावरोला शोधते. इस्तंबूलहून आलेल्या नकला आमच्याकडे आहेत, पण तुर्की कारकुनाचं अक्षर तुमच्या वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा वाईट असतं, तेव्हा वेळ लागेल.

तुमचा शोध मी निबंधात घालणार होते, पण आमच्या प्राध्यापिकाबाई हसत नाहीत. पुस्तकं वेगळंच सांगतात, आणि एकमेकांशी भांडतातही. कुणी म्हणतं नांगर आला, जड काम पुरुषाकडे गेलं आणि शेतही गेलं. कुणी म्हणतं लढाया सुरू झाल्या आणि ज्याच्या हातात हत्यार त्याच्या हातात घर आलं. मला त्यातल्या त्यात कळपांचं पटतं. माणसाकडे मेंढरं झाली, ती मुलाला द्यायची झाली, मग मुलगा आपलाच हवा, म्हणून बाई कुंपणाच्या आत गेली. मेंढरं राखता राखता बाईही राखायला लागले. हे वाचताना मला आपला मिलादिनकाकाच दिसत होता. त्याला मुलं किती असं परक्यानं विचारलं, की तो छाती काढून सांगतो, मुलं दोन, आणि शिवाय तीन मुली!

आता चेष्टा पुरे. एक विचारायचं आहे. प्रत्येक पुरुषाचं एक पान, असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे त्या झाडावर मी नाही, हे मला समजलं. लहानपणापासून ऐकत आले आहे, की लेक म्हणजे परक्याच्या ताटातलं जेवण. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही, असं लिहिणार होते, पण तुम्हाला खोटं लिहिण्याची मला सवय नाही. वाटतं. पण त्याहून जास्त तुमची काळजी वाटते. तुम्हाला मुलगा नाही. मग बाबा, तुमच्या पानाच्या पुढे तुम्ही काय काढणार आहात?

आईला घट्ट मिठी. रागावू नका, आणि रागावलात तरी लगेच लिहा.

तुमची,
याग्लिका


ब्रेझोवो,
६ मे १९७९

चि. याग्लिकेस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. झाडावर चढलो होतो, म्हणजे शिडीवर. बुंधा पूर्ण झाला. गावरोला मी मिशा अशा दिल्या आहेत, की दोन्ही बाजूंना एकेक मेंढरू बांधता येईल. मिलादिन रोज येऊन खाली उभा राहतो, त्याच्या पानाचा हिरवा रंग शेजारच्यापेक्षा फिका आहे म्हणतो आणि राकियाची दारू पिऊन जातो. आजवर चारशे बारा पानं भरली आहेत.

तू विचारलंस त्याचं उत्तर. नियम जुना आहे, मी केलेला नाही. ज्याला मुलगा झाला नाही, त्याची फांदी तपकिरी रंगवायची आणि टोकाशी आडवी रेघ मारायची. वंश बुडाला, असं त्याला म्हणतात. अशा एकवीस फांद्या आहेत. त्यांत माझी एक. ती मी सगळ्यांत आधी रंगवून टाकली. दुखरा दात आधी उपटावा, मग बाकीचं जेवण सुखानं होतं.

तुला मी कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. पाच वर्षांचा होतो तेव्हा माझे वडील, तुझे आजोबा तोमो, मला रोज जेवणाआधी नावं म्हणायला लावत. ब्लागोता तोमोचा, तोमो मिलिचाचा, असं करत थेट गावरोपर्यंत अकरा नावं. एक चुकलं तरी मक्याच्या काचामाकचं ताट मागे सरकायचं. इलिनदानला मेळाव्यापुढे झाडाच्या रंगाऱ्यानं ती नावं उभ्यानं म्हणायची असा रिवाज आहे, आणि त्या दिवशी मी ती छान म्हणेन. पण तू जन्मलीस तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हा आला होता, की आता ही नावं मी कुणाला शिकवू. मग तू माझं बोट धरलंस आणि तो विचार गेला. तुला चौथ्या वर्षी वाचता येत होतं. ती नावं मात्र मी तुला शिकवली नाहीत. याची आज लाज वाटते, पण रेघ तर मारून झाली.

गावरोचं साल लवकर कळव.

तुझ्यावर रागावणं ज्याला कधी जमलं नाही तो,
तुझा बाप

ता. क. आईचं : रेघ मारली त्या दिवशी जेवला नाही. वर मला सांगतो, रंगाच्या वासानं भूक मेली.


सारायेव्हो,
१९ जून १९७९

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. गावरो सापडला. पण तुम्ही बसा आधी. आईलाही बसवा, बसली तर.

ब्रेझोवोची तीन दप्तरं मिळाली, साधारण वीस-वीस वर्षांच्या अंतरानं केलेली. सगळ्यांत जुन्यात, आपल्या खिंडीच्या खाली, जिथं त्याआधी वस्तीच नव्हती, तिथं एकच घर लिहिलं आहे : विधवा स्तामेनाचं घर, नदीपलीकडून आलेली. गावरोचं नाव त्यात नाही. कारकून फक्त घरकर्त्याचं नाव लिहीत, आणि घरकर्ती ती होती. दुसऱ्या दप्तरात त्याच जागी लिहिलंय : गावरो, विधवा स्तामेनाचा मुलगा. आणि तिसऱ्यात चार घरं आहेत, गावरोचं आणि त्याच्या तीन मुलांची. स्तामेना कुठेच नाही.

म्हणजे बाबा, तलवार दातांत धरून नदी कुणी पोहलं असेल ते असो, पण गावरो तेव्हा आईच्या काखेत होता. फार तर पोत्यात घालून घोड्यावर बांधला असेल.

मी तीन वर्षं पुस्तकांत शोधते आहे, की पुरुषांचं राज्य कुठल्या लढाईत, कुठल्या कायद्यानं सुरू झालं. जगाचं मला अजूनही ठाम सांगता येणार नाही. पण आपल्या घरात ते कसं झालं हे माझ्या टेबलावर आहे. कुणी तिला हाकललं नाही, कुणी मारलं नाही. नावं म्हणणाऱ्या कुठल्यातरी पोराला सांगितलं गेलं असेल, की गावरोपाशी थांब, पुढचं नाव बाईचं आहे, लोकांत बरं दिसत नाही. पोरगं थांबलं. मग सगळेच थांबले.

तुम्ही फक्त साल मागितलं होतं. पहिलं दप्तर सोळाशे बेचाळीसचं आहे. तेवढंच बुंध्याखाली लिहिलंत तरी ते खोटं होणार नाही, आणि मी कुणाला काही बोलणार नाही. झाड तुमचं आहे, मेळाव्यात मान तुमचा आहे. तुम्ही काय कराल ते मला मान्य असेल. हे मी मनापासून लिहिते आहे, आणि लिहिताना थोडी रडतेही आहे, का ते ठाऊक नाही.

आज पत्राची समाप्ती कशी करावी ते सुचत नाही. तुमच्या मायेची गरज असलेली,

याग्लिका


ब्रेझोवो,
८ जुलै १९७९

माझ्या याग्लिके,

बाबा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. माझं अक्षर सहन कर.

तुझं पत्र वाचून आधी तो म्हणाला तुर्की कारकून दारू प्यायलेला असणार. मी म्हटलं, तुर्क पीत नाहीत, तू पितोस. मग म्हणाला स्तामेना म्हणून कुणी नव्हतीच. तेव्हा मला हसू आवरेना. मी त्याला विचारलं, सत्तर वर्षं पाणी कुठलं पितोस? खिंडीखालच्या झऱ्याला आम्ही बायका स्तामेनाचं पाणी म्हणतो, नवी सून आली की सासू तिला तिथं नेते, पहिली घागर भरताना सांगते, की स्तामेना एक पोरगं आणि एक शेळी घेऊन इथं थांबली, कारण पुढं चालवेना. मलाही सासूनं सांगितलं. त्याच्याच आईनं!

तो म्हणाला, ती तर गाय होती. म्हणजे याग्लिके, गावातल्या सगळ्या पुरुषांना वाटतं, त्या झऱ्यावर स्तामेना नावाची गाय बुडाली होती. कुणी एकानं कधीतरी पोरांना सांगितलं असेल. मला विचारतो, तू कधी बोलली का नाहीस. मी म्हटलं, तुम्ही कुणी विचारलं का नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सारायेव्होपर्यंत!

मग तो मिलादिनकडे गेला. मिलादिन म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, मेळाव्याला बाहेरची माणसं येणार, कूळ बाईचं निघालं तर शेजारची कुळं हसून मरतील, आणि ब्लागोताला हे जमत नसेल तर निक्शिचहून रंगारी बोलावू. तुझा बाप परत आला तो मूग गिळून. आता दिवसभर सभागृहात असतो, दार आतून लावून घेतो. काय करतो सांगत नाही. झाडाला त्यानं आपलं आयुष्य लावलं आहे ग. ते काढून घेतलं तर तो म्हातारा होईल. आत्ता नाहीये.

मेळाव्याला तुला सुट्टी नाही हे समजलं. खात जा.

आई


ब्रेझोवो,
५ ऑगस्ट १९७९

चि. याग्लिका हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

इलिनदान पार पडला. मी जिवंत आहे आणि माझा आवाज बसला आहे. सगळं क्रमानं सांगतो, कारण मिलादिन तुला वेगळं लिहील.

तीनशेच्या वर माणसं आली. सहा मेंढरं भाजली, राकिया किती संपली ते देव जाणे. गुसलेवाल्यानं गावरो नदीतून पोहत आणला, आगाला मारला, सगळं नेहमीसारखं. मग मला उभं केलं. भिंतीवर पडदा होता. मी टोपी काढली आणि नावं म्हणायला लागलो. ब्लागोता तोमोचा, तोमो मिलिचाचा. गावरोपर्यंत आलो तशी लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले. मिलादिननंही उचलले. आणि मी म्हटलं, गावरो स्तामेनाचा.

हात तसेच राहिले. मिलादिन उठून म्हणाला, की मास्तरांना उन्हाचा त्रास झाला आहे. मी म्हटलं मला कसलाही त्रास नाही, आणि पडदा ओढला. बुंध्याखाली मुळांत मी तिला काढली आहे, शेळीसकट. चेहरा कसा असेल ठाऊक नव्हता म्हणून पाठमोरी काढली, पाठीवर पोरगं, आणि पोराला मिशा नाहीत. महिनाभर कोंडून घेऊन तेच करत होतो.

मग गोंधळ माजला. कुणी म्हणालं हे कुळाला काळं फासणं आहे, कुणी तुझं नाव घेऊन म्हणालं शहरात शिकवलेल्या पोरींचे हे उद्योग. तेवढ्यात नव्वदीचा राडोसाव काठी आपटत उठला. तो म्हणाला, की लहानपणी त्यानं एकदा नावं म्हणताना स्तामेना म्हटलं होतं, आजीकडून ऐकलेलं, आणि बापानं त्याला पट्ट्यानं फोडला होता, म्हणून त्र्याऐंशी वर्षं तो गप्प आहे. एवढं बोलून तो रडायला लागला. आणि मागे स्वयंपाकाच्या दारात उभ्या बायकांमधून कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, की झऱ्यापासून सभागृहापर्यंत यायला बाईला तीनशे वर्षं लागली, आता बसायला जागा तरी द्या. सगळ्या हसल्या. मग पुरुषही हसले. आपली माणसं हसली की भांडण संपतं, हे आपलं एक बरं आहे.

मिलादिननं मला बाजूला घेतलं आणि माझ्या फांदीकडे बोट दाखवलं. ती हिरवी आहे, रेघ खरवडली आहे, टोकाला पान आहे आणि पानावर याग्लिका लिहिलं आहे. त्यानं विचारलं, हा कुठला नियम. मी त्याला सांगितलं, की जे कूळ बाईपासून सुरू झालं, ते बाईपाशी संपलं असं मी माझ्या हातानं कसं लिहू? संध्याकाळी तो गुपचूप आला आणि म्हणाला, की त्याच्या तिघींनाही लिहायला हरकत नसावी. मधलीचं जन्मसाल त्याला आठवेना, बायकोला बोलावून आणावी लागली. काल दिवसभर असेच येत होते, एकेक जण, टोपी हातात धरून. एकवीस फांद्यांपैकी चौदा हिरव्या झाल्या. दोघांनी आपल्या फांदीला हात लावू दिला नाही, आणि बाकीच्यांचं विचारायला कुणी उरलेलं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र. काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी फार खुशीत होतो. तुझ्या आईला म्हटलं, बघ, आता सगळे झाडावर आले. ती भांडी पुसत होती. म्हणाली, छान झालं, आणि मी कुठल्या झाडावर आहे?

तिच्या माहेरच्या झाडावर ती नाही, कारण ती लेक. आपल्यावर नाही, कारण ती सून. सेहेचाळीस वर्षं माझ्या घरात आहे आणि कुठंच नाही. ती रागावली नव्हती बरं, हसत होती, ते जास्त लागलं. मी कागद घेतला आणि म्हटलं सांग, तुझं नाव कुणाच्या नावापुढे लिहू. मला वाटलं ती बापाचं सांगेल. तिनं फडकं खांद्यावर टाकलं, उभी राहिली, मी सभागृहात उभा होतो तशीच, आणि न अडखळता म्हणाली : पेत्रुशा क्रस्तिन्याची, क्रस्तिन्या योकाची, योका इकोनियाची, इकोनिया मारुशाची, आणि अशी नऊ नावं. तिच्या आईनं शिकवली होती, लोकर कातताना. आईला तिच्या आईनं.

याग्लिका, मी मास्तर. मी या बाईला कधी काही विचारलंच नाही ग. मी लिहीत गेलो आणि मला अक्षरं दिसेनाशी झाली. नववं नाव झाल्यावर तिनं कागद बघितला आणि म्हणाली, की वर जागा का सोडली नाहीस, मी काही शेवटची नाही. सगळं पुन्हा लिहिलं. पेत्रुशाच्या वर तुझं नाव घातलं. सोबत तो कागद पाठवतो आहे, पाठ कर. सुट्टीत आलीस की जेवणाआधी आई तुझ्याकडून म्हणून घेणार आहे, आणि चुकलीस तर ताट मी मागे सरकवणार नाही, पण ती सरकवेल.

बाकी सर्व क्षेम. आमच्या दोघांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाप,
ब्लागोता तोमोचा, आणि माझी आई होती, तिचं नाव मारा